गाइडबुक विकत घेण्याआधी त्याची उलटतपासणी

गाइडबुक हातात आलं की पहिल्यांदा उघडायचं ते शीर्षकाच्या मागचं पान. कॉपीराइट, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, कितवी आवृत्ती, कधी छापली, हे सगळं तिथे बारीक टायपात असतं. फोटो सावकाश पाहिले तरी चालतात. ते प्रत्येक पुस्तकात सुंदरच असतात.

या पानावर सगळ्यात जास्त फसगत होते ती 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' या दोन शब्दांत. 'सातवी आवृत्ती, मार्च २०२२. पुनर्मुद्रण २०२४' असं लिहिलेलं असेल तर ते पुस्तक २०२२चंच. २०२४मध्ये फक्त कागद नवा लागला. शिवाय मार्चमध्ये छापून आलेल्या पुस्तकाचा लेखक त्या गावात फिरला तो त्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी. मग संपादन, नकाशे, पानं लावणं, छपाई, वाहतूक. म्हणून आमचा हिशेब ठरलेला आहे: आवृत्तीच्या तारखेतून एक वर्ष वजा करायचं, ती माहितीची खरी तारीख. ती सहलीच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत पडली तर पुस्तक पुढच्या फेरीत जातं. २०२०च्या आधी माहिती गोळा झालेलं पुस्तक मात्र इतिहासासाठी ठेवावं, जेवणाच्या जागा शोधायला नाही. करोनाच्या त्या दोन वर्षांत किती खानावळी, छोटी हॉटेलं आणि बससेवा बंद पडल्या याची त्या पुस्तकाला खबरच नाही.

ऑनलाइन घेताना हे पान बहुधा दिसत नाही, आणि दिसलं तरी ते भलत्याच आवृत्तीचं असू शकतं. दुकानाच्या पानावर जुन्या आणि नव्या आवृत्तीचे अभिप्राय एकत्र केलेले असतात, आतली नमुना पानं जुनी असतात, आणि दुसऱ्या विक्रेत्याकडून प्रत आली तर कव्हरचा फोटो नवा नि पुस्तक जुनं असाही प्रकार होतो. उपाय एकच: प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून नव्या आवृत्तीचा तेरा अंकी आयएसबीएन उतरवून घ्यायचा आणि विक्रेत्याच्या पानावरच्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहायचा. नव्या आवृत्तीला नवा आकडा मिळतो, पुनर्मुद्रणाला मिळत नाही. तिथेच पुढची आवृत्ती कधी येणार तेही बहुधा कळतं. ती सहलीच्या आधी येणार असेल तर थांबावं. ग्रंथालयातली जुनी प्रत तोवर आराखड्यापुरती पुरते.

आराखडा आधी, पुस्तक नंतर

'चांगलं गाइडबुक कुठलं?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'या अकरा रात्रींसाठी कुठलं?' याला आहे. म्हणून कागदावर मुक्काम मांडायचे. उदाहरण म्हणून इटली घेऊ: रोममध्ये चार रात्री, फ्लोरेन्सला तीन, व्हेनिसला दोन आणि किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या पट्ट्यात दोन. एकूण अकरा रात्री, बारा दिवस.

आता प्रत्येक पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून या चार ठिकाणांना किती पानं दिली आहेत ते मांडायचं. आमचं माप साधं आहे: मुक्कामाच्या एका रात्रीमागे किमान दहा पानं. म्हणजे रोमला चाळीस, फ्लोरेन्सला तीस. पुस्तक नऊशे पानांचं आहे याला अर्थ नाही. त्यातली तुमची पानं किती, एवढंच बघायचं. संपूर्ण युरोपवरच्या जाडजूड पुस्तकात चिंक्वे तेर्रेच्या वाट्याला दीड पान येतं. अशी पुस्तकं कुठे जायचं हे ठरवायला चांगली, तिथे पोचल्यावर निरुपयोगी. उलट बाजूनंही चूक होते. एकाच शहरात पाच रात्रींहून जास्त मुक्काम असेल तर देशाचं पुस्तक अपुरं पडतं, शहराचं वेगळं घ्यावं. तीन रात्रींपर्यंतच्या मुक्कामाला खिशात मावणारी छोटी पुस्तिका पुरते, पण तिच्यात शहराबाहेरच्या एक दिवसाच्या फेऱ्या बहुधा एका परिच्छेदात गुंडाळलेल्या असतात.

पुस्तकात छापलेले 'दोन आठवड्यांत इटली' छापाचे तयार कार्यक्रम याच टप्प्यावर तपासावेत. दिलेल्या गावांमधला प्रवासाचा वेळ स्वतः बेरजेला लावायचा. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीनं सुमारे दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस दोन तासांपेक्षा थोडं जास्त. कागदावर हे छान दिसतं. पण हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, नवी खोली ताब्यात घेणं हे धरून प्रत्येक बदलामागे अर्धा दिवस जातोच. चौदा दिवसांत आठ मुक्काम सुचवणारा कार्यक्रम ज्याने लिहिला, त्याने तो स्वतः सामान ओढत केलेला नाही, असं बेलाशक समजावं.

उत्तरं माहीत असलेले प्रश्न

पुस्तक पारखायची सगळ्यात भरवशाची रीत परीक्षकाची आहे: ज्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे तोच प्रश्न विचारायचा. संग्रहालयांच्या आणि रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळांवर अर्धा तास घालवून सहा-सात उत्तरं काढायची आणि मग एकेका पुस्तकाला विचारायचं. इटलीसाठीची प्रश्नपत्रिका साधारण अशी होते.

रोमच्या पँथिऑनला तिकीट आहे का? जुलै २०२३पर्यंत नव्हतं, तेव्हा ५ युरोंचं सुरू झालं. 'प्रवेश मोफत' लिहिणारं पुस्तक त्याआधीचं, कव्हरवर काहीही साल असो. कलोसियमचं तिकीट नावानिशी असतं आणि दारात ओळखपत्र तपासतात, हे लिहिलंय का? हा नियम ऑक्टोबर २०२३चा. व्हेनिसला दिवसापुरतं येणाऱ्यांकडून काही ठरावीक तारखांना शुल्क घ्यायला २०२४मध्ये सुरुवात झाली. पहिल्या वर्षी ५ युरो आणि २९ दिवस. २०२५मध्ये दिवस ५४ झाले आणि उशिरा पैसे भरणाऱ्यांना १० युरो पडू लागले. गावात रात्री राहणाऱ्यांना ते द्यावं लागत नाही. चांगलं पुस्तक हा शेवटचा मुद्दा सांगितल्याशिवाय राहत नाही, कारण वाचणाऱ्याला पैसे भरायचे की नाही हे त्यावरच ठरतं. चिंक्वे तेर्रेतली 'विया देल्लामोरे' ही कड्यालगतची पायवाट २०१२मध्ये दरड कोसळून बंद झाली आणि २०२४च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. 'सध्या बंद' हे वाक्य एका आवृत्तीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नुसतं उचलून ठेवण्यासारखं होतं. म्हणून लेखक खरंच तिथे गेला होता का, हे कळायला हा प्रश्न नामी आहे.

हे झाले ताजेपणाचे प्रश्न. काही प्रश्न वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या गोष्टींचे असतात, आणि त्यात नापास होणं जास्त गंभीर. फ्लोरेन्सचं उफ्फित्सी कलादालन सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्यामुळे रांग भयंकर. रोममधल्या बोर्गेझे कलादालनात दोन-दोन तासांच्या वेळा ठरलेल्या, आरक्षणाशिवाय जाण्यात अर्थ नाही. मिलानमधलं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र पाहायला पंधरा मिनिटं मिळतात आणि तिकीट बरंच आधी काढावं लागतं. इथे नुसतं 'आरक्षण आवश्यक' लिहून भागत नाही. किती दिवस आधी, कुठून, आणि तिकिटं संपली असतील तर काय करायचं, या तिन्हींची उत्तरं हवीत. तिसऱ्याचं उत्तर फार थोडी पुस्तकं देतात, आणि ती ताबडतोब निवडून ठेवावीत.

गाडीच्या तिकिटाचाही एक प्रश्न ठेवावा. इटलीत स्थानिक गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. मोबाइलवरच्या तिकिटाला चेक-इन करावं लागतं. केलं नाही तर खिशात तिकीट असूनही दंड. भाड्यानं मोटार घेणाऱ्यांसाठी यापेक्षा मोठा सापळा म्हणजे जुन्या शहरांतले मर्यादित वाहतुकीचे भाग. पाटी इटालियनमध्ये, कॅमेरा खांबावर, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी. मोटारीच्या प्रकरणात हे पहिल्या पानावर नसेल तर ते प्रकरण नकाशा समोर ठेवून, खोलीत बसून लिहिलेलं आहे.

दुसऱ्या देशांसाठी अशीच प्रश्नपत्रिका तासाभरात तयार होते. जपानच्या पुस्तकात सात दिवसांच्या साध्या रेल्वे पासची किंमत बघा: ऑक्टोबर २०२३मध्ये ती २९,६५० येनांवरून ५०,००० येन झाली. 'पास घ्या, पहिल्याच लांब प्रवासात पैसे वसूल' हा सल्ला त्याच दिवशी कालबाह्य झाला. आता आपल्या मार्गाचं सुट्ट्या तिकिटांचं गणित मांडूनच पास घ्यायचा. क्रोएशियाच्या पुस्तकात किमती 'कुना'त असतील तर ते जानेवारी २०२३च्या आधीचं, तेव्हापासून तिथे युरो आहे. कझाकस्तानची राजधानी 'नूर-सुलतान' म्हणणारं पुस्तक २०१९ ते २०२२ या खिडकीतलं. नंतर ती पुन्हा अस्ताना झाली.

व्हिसाचं पान मात्र या परीक्षेत धरायचंच नाही. इंग्रजी गाइडबुकं मुख्यतः अमेरिकी, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन पासपोर्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. 'नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही' हे वाक्य कोणासाठी आहे ते बारीक अक्षरात असतं, नाहीतर नसतंच. आपल्या पासपोर्टला काय लागतं ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहायचं. तेच विमा, औषधं आणि वाहन परवान्याचं.

पत्ता आणि नकाशा

नकाशा तपासायची रीत अशी: मजकुरातलं कुठलंही एक खाण्याचं ठिकाण निवडायचं आणि घड्याळ लावून ते नकाशावर शोधायचं. तीस सेकंदांत सापडायला हवं. त्यासाठी मजकुरात नकाशाचं पान आणि चौकट दिलेली असावी लागते. नुसता आकडा असेल आणि नकाशा चाळीस पानं मागे, तर भर रस्त्यात उभं राहून पानं उलटत बसावं लागतं. मग प्रमाण बघायचं. पायी फिरायच्या शहराला १:१०,००० ते १:१५,००० हे प्रमाण हवं, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे रस्त्यावरचे शंभर ते दीडशे मीटर. त्याहून लहान प्रमाणात गल्ल्यांची नावं गळतात. आणि प्रमाणपट्टीच नसलेला नकाशा हे चित्र आहे. दोन पानांवर पसरलेल्या नकाशाचा मधला सेंटीमीटरभर भाग बांधणीत गडप होतो. नेमका तिथे मुख्य चौक असतो, हा योगायोग इतक्यांदा घडतो की त्याला योगायोग म्हणवत नाही.

व्हेनिस हे या बाबतीत परीक्षेचं शहर. तिथले घरक्रमांक रस्त्याप्रमाणे नसून सहा विभागांप्रमाणे चालतात, आणि एकेका विभागात ते हजारांवर जातात. 'सान मार्को' आणि पुढे चार आकडी क्रमांक एवढाच पत्ता पुस्तकात असेल तर पोस्टमन सोडून कोणाला काही बोध होणार नाही. जाणता लेखक जवळच्या चौकाचं नाव देतो, कुठल्या पुलावरून उतरायचं ते सांगतो, वाहतूक-बोटीचा कुठला थांबा जवळ ते लिहितो. फ्लोरेन्समध्ये दुसरीच गंमत. एकाच रस्त्यावर दोन क्रमांक-मालिका शेजारी शेजारी चालतात, दुकानांची लाल आणि राहत्या घरांची काळी किंवा निळी. पत्त्यात आकड्यापुढे 'आर' हे अक्षर असेल तर तो लाल क्रमांक. ते अक्षर गाळणारं पुस्तक तुम्हाला खानावळीऐवजी कोणाच्या तरी घरासमोर नेऊन उभं करतं. ही एवढीशी गोष्ट, पण पत्ता जागेवर जाऊन लिहिला की कुठल्या यादीतून उचलला, हे त्यातून उघड होतं.

विशेषणं मोजणे

कुठलंही एक पान घ्यायचं आणि पेन्सिलीनं 'मोहक', 'अविस्मरणीय', 'चैतन्यमय', 'स्वर्गीय' या जातीचे सगळे शब्द अधोरेखित करायचे. मग त्याच पानावर आकडे, वेळा, दिशा आणि 'पण'नं सुरू होणारी वाक्यं मोजायची. दुसरी रास पहिलीपेक्षा मोठी असेल तर पुस्तक कामाचं. 'खोल्या सुंदर आहेत' यातून काही कळत नाही. 'रस्त्याकडच्या खोल्यांत पहाटे कचऱ्याच्या गाड्यांचा आवाज येतो, अंगणाकडची मागा' हे तिथे झोपलेल्या माणसाचं वाक्य. 'प्रवेशद्वार मागच्या गल्लीतून', 'तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही', 'सकाळी आठला गेलात तर चौक रिकामा, दहानंतर बसेस येतात' अशी वाक्यं शोधावीत.

आणि नकार शोधावा. दोनशे पानांत एकदाही 'इथे गेलं नाही तरी चालेल' असं न म्हणणारं पुस्तक म्हणजे फोन डिरेक्टरी. माहिती आता फुकट आणि अमाप मिळते. पैसे द्यायचे ते कोणीतरी केलेल्या निवडीचे. काय गाळावं हे सांगायची हिंमत नसलेल्या लेखकाला ते कशाला द्यायचे? लेखक हॉटेलांकडून फुकट मुक्काम स्वीकारतात की नाही, याबद्दल चांगल्या मालिका सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पानांत स्पष्ट लिहितात. तेही पाहून घ्यावं.

मालिकांचे स्वभाव

नाव बघून पुस्तक घेऊ नये, पण मालिकेचा स्वभाव माहीत असला की चाळण लवकर होते. आधुनिक गाइडबुकाचा साचा १८३०च्या दशकात जर्मनीत बेडेकर आणि लंडनमध्ये मरे या प्रकाशकांनी पाडला. आजच्या बहुतेक मालिका त्याच सांगाड्यावर उभ्या आहेत, फरक आहे तो कोणाला काय महत्त्वाचं वाटतं यात. १९७३मध्ये सुरू झालेली लोन्ली प्लॅनेट कमी खर्चात, स्वतःच्या जिवावर फिरणाऱ्यांची. तिचा आवाका सगळ्यात मोठा, पण गेल्या काही वर्षांतल्या नव्या मांडणीत हॉटेल-खानावळींच्या याद्या बऱ्याच आटल्या आहेत. पूर्वीच्या आठवणीवर विसंबून घेणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो. १९८२मध्ये ग्रीसपासून सुरू झालेली रफ गाइड्स इतिहास आणि समाजावर जास्त लिहिते. डीकेची आयविटनेस मालिका १९९३ची. इमारती कापून आतलं दाखवणारी तिची चित्रं देवळा-चर्चांत फार उपयोगी, पण तिच्या जुन्या आवृत्त्यांत चकचकीत कागदामुळे वजन जास्त आणि त्यावर पेन्सिल उमटत नाही.

चित्रं आणि वास्तुकला हेच सहलीचं कारण असेल तर ब्लू गाइड्सना पर्याय नाही. एकेका चर्चमधल्या एकेका वेदीची नोंद असते. जेवायचं कुठे, हे दुसऱ्या पुस्तकाला विचारावं. मिशलिनच्या हिरव्या मालिकेत स्थळांना तारे असतात: तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करावा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं, एक म्हणजे आहे बघण्यासारखं. लाल पुस्तक खानावळींचं, ते वेगळं. हिरव्याऐवजी लाल मागवून बसणारे कमी नाहीत. रिक स्टीव्ह्जची पुस्तकं युरोपापुरती आणि ठाम मतांची. मोजकीच गावं घेतात, बाकीची सरळ वगळतात, पण घेतलेल्या ठिकाणी कुठल्या दारानं शिरायचं, कुठल्या दालनात उजवीकडे वळायचं इथपर्यंत सांगतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना ती फार आवडतात, दुसऱ्यांदा जाणाऱ्यांना अपुरी वाटतात. ब्रॅड्टची मालिका इतरांनी न शिवलेल्या देशांसाठी, आणि डोंगरवाटा तुडवायच्या असतील तर सिसरोनी.

एकच पुस्तक सगळं करेल ही अपेक्षा सोडली की निवड सोपी होते. आमची नेहमीची जोडी म्हणजे व्यवहारासाठी एक ताजं पुस्तक आणि इतिहास-कलेसाठी एक सखोल. दुसरं दहा वर्षं जुनं असलं तरी बिघडत नाही. आधी शिळ्या होतात त्या किमती आणि वेळा, मग खानावळी, मग बसचे थांबे, मग संग्रहालयांची तिकीटपद्धत. मायकलँजेलोवरचं प्रकरण टिकतं.

बनावट पुस्तकं

२०२३च्या सुमारास ऑनलाइन दुकानांत एक नवीच जात दिसायला लागली: संगणकाकडून मजकूर लिहवून घेऊन, मागणीप्रमाणे छापून विकलेली गाइडबुकं. शीर्षकात चालू किंवा पुढचं साल ठळक, नाव लांबलचक, किंमत प्रस्थापित पुस्तकांपेक्षा कमी. ओळखायच्या खुणा अशा. पानं शंभर-सव्वाशे, आणि संपूर्ण देश त्यात. एकही नकाशा नाही. सूची नाही. लेखकाच्या नावावर वर्षभरात वीस-पंचवीस देशांची पुस्तकं, आणि त्या नावाचा दुसरीकडे कुठेही मागमूस नाही. अभिप्राय सगळे पाच तारे, एकाच आठवड्यातले, आणि कुठल्याही गावाचा नामोल्लेख नसलेले. आतला मजकूर प्रत्येक शहराला सारखाच चिकटतो: 'स्थानिक बाजारात फेरफटका मारा, अस्सल चवींचा आस्वाद घ्या.' वर सांगितलेले पत्त्याचे दोन प्रश्न विचारले की हे पुस्तक पहिल्याच मिनिटाला गारद होतं. यांच्यावर विसंबून राहण्याचा खरा धोका पैशांचा नाही. अस्तित्वात नसलेल्या बोटीसाठी धक्क्यावर उभं राहण्याचा आहे.

शब्दांची पानं

पुस्तकाच्या शेवटी दहा-पंधरा पानं स्थानिक भाषेची असतात. तिथे बघायचं ते स्थानिक लिपीतलं नाव दिलंय का. जपान, चीन, थायलंड, ग्रीस, जॉर्जिया इथे पत्ता रोमन अक्षरांत दाखवून टॅक्सीवाल्याला तो वाचता येईलच असं नाही. गावांची आणि स्थळांची नावं त्यांच्या लिपीत, मजकुरात जागच्या जागी हवीत, निव्वळ शेवटच्या तक्त्यात नकोत.

उच्चारांच्या बाबतीत मराठी वाचकाला एक आयती सोय आहे, ती वापरावी. पुस्तकातले उच्चार इंग्रजी जिभेसाठी लिहिलेले असतात. इटालियनमधले 'त' आणि 'द' दंत्य आहेत, आपल्यासारखेच. इंग्रजी पुस्तक ते दाखवूच शकत नाही आणि वाचणारा निष्कारण 'ट' म्हणतो. इटालियनमध्ये जोडाक्षरानं अर्थ बदलतो: 'पेन्ना' म्हणजे लेखणी, 'पेना' म्हणजे दुःख. देवनागरीत हा फरक एका अक्षरात लिहिता येतो. थाई भाषेतला रोमन 'पीएच' हा ओठ मिटून काढलेला महाप्राण 'फ' आहे, 'एफ'चा वारा नाही. म्हणून फुकेत हे नाव इंग्रजी वळणानं वाचणारे हसं करून घेतात. चिनी रोमन लिपीतला 'क्यू' साधारण 'छ', 'एक्स' साधारण 'श'. रोज लागणारी तीसेक वाक्यं ध्वनिफिती ऐकून समासात देवनागरीत लिहून ठेवली तर पुस्तकातला तक्ता लागत नाही.

कागद, बांधणी, पडदा

दुकानात पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवायचं. हात काढल्यावर मिटलं तर बांधणी गोंदाची आणि कडक आहे. दोन आठवडे पिशवीत आपटून पानं सुटणार. वरच्या कडेनं पाहिलं की शिवलेल्या बांधणीत छोटे छोटे घड्यांचे गठ्ठे दिसतात, चिकटवलेल्यात सपाट ठोकळा. वजनाचा काटा असेल तर उत्तम: दिवसभर खांद्यावर चारशे ग्रॅमच्या वर पुस्तक बाळगणं तिसऱ्या दिवशी नकोसं होतं आणि ते खोलीवर राहायला लागतं. खोलीवर राहिलेलं गाइडबुक न घेतल्यासारखंच.

ई-आवृत्ती शोधायला चांगली, चाळायला वाईट. अक्षर लहान-मोठं करता येणाऱ्या फाइलमध्ये नकाशे चिंध्या होऊन येतात, मोठे केले की धूसर. पानं जशीच्या तशी राखणारी पीडीएफ मिळत असेल तर ती घ्यावी, आणि काळ्या-पांढऱ्या वाचनयंत्राऐवजी टॅबलेटवर. घेण्याआधी मोफत नमुना उतरवून त्यात एखादा तरी नकाशा आहे का, तो बोटांनी मोठा करता येतो का, ते बघावं. नमुन्यात बहुधा प्रस्तावनाच असते. मग परताव्याची मुदत वाचून घ्यावी आणि पहिल्या तासातच नकाशे उघडावेत.

पुस्तक आल्यावर निघण्याच्या दोन आठवडे आधी पेन्सिल घेऊन बसायचं. तुमच्या मार्गावरची दहा ठिकाणं निवडून त्यांच्या वेळा आणि दर अधिकृत संकेतस्थळांवर तपासायचे, चुकीचे खोडून समासात दुरुस्त करायचे. दहात दोन चुका हे ठीक. पाच निघाल्या तर त्या पुस्तकातल्या एकाही वेळेवर विसंबायचं नाही.

मग कापाकापी, ज्यांना पुस्तकाला हात लावताना पाप वाटत नाही त्यांच्यासाठी. नऊशे पानांतली एकशे ऐंशी लागणार असतील तर वजन एकदम पाचव्या हिश्श्यावर येतं. हवं ते प्रकरण जिथे सुरू होतं तिथे पुस्तक पूर्ण उलटं मोडून कणा दाबायचा, धारदार कटरनं गोंदाच्या रेषेतून एकाच दिशेनं दोन-तीनदा कापायचं. दोन्ही टोकांना एखादं पान जास्त ठेवायचं, कारण पहिलं आणि शेवटचं पान आधी फाटतं. कापलेल्या कडेवर रुंद कापडी चिकटपट्टी अर्धी पुढे, अर्धी मागे. सूची आणि भाषेची पानं वेगळी कापायची आणि त्यांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवायचे, नाहीतर फ्लोरेन्समध्ये असताना सूची रोमच्या गठ्ठ्याला चिकटलेली असते आणि तो गठ्ठा सामानाच्या तळाशी असतो.